बदलाची भीती आणि ख्रिस्तातलं स्वातंत्र्य : या विषयावरचा ऑनलाइन बायबल कोर्स केला, कसा वाटला ते लिहितेय

आधीच सांगते, कोर्सचं आणि घेणाऱ्यांचं नाव इथे टाकत नाहीये. ग्रुप लहान होता, लोक मनातलं बोलले, नाव टाकलं की कोण काय बोललं ते ओळखीच्यांना दोन मिनिटांत कळेल. असे कोर्स बऱ्याच मंडळ्या (चर्च) घेतात आणि साचा थोडाफार सारखाच असतो, त्यामुळे तुम्ही दुसरीकडे कुठे करणार असाल तरी यातलं बरंच लागू पडेल.

तर आठवड्याला एक व्हिडिओ, साधारण अर्ध्या तासाचा, मग व्हिडिओ कॉलवर ग्रुपमध्ये चर्चा, आणि एक वर्कबुक, ज्यात शास्त्रभाग वाचून प्रश्नांची उत्तरं लिहायची. शिवाय प्रत्येकाला एक मार्गदर्शक नेमून देतात, त्यांच्याशी वेगळं फोनवर बोलता येतं. विषय एवढाच की बदल म्हटलं की आपण एवढे का गडबडतो, आणि ख्रिस्तात स्वातंत्र्य मिळतं असं जे म्हणतात ते नक्की कशापासून मिळतं.

मी का जॉइन झाले तर माझा विश्वास होता, चर्च होतं, प्रार्थना होती, सगळं होतं, पण सगळं धाकाखाली. सकाळची प्रार्थना चुकली की दिवसभर काहीतरी वाईट होणार अशी धाकधूक, एखादी सेवा करायला नाही म्हटलं की देव रागावेल असं वाटायचं आणि त्यामुळे काहीही बदलायचं म्हटलं, अगदी प्रार्थनेची वेळ सुद्धा, तरी पोटात गोळा. त्यामुळे "स्वातंत्र्य" हा शब्द कोर्सच्या पोस्टरवर बघून आधी जरा चिडचिडच झाली, म्हटलं बघू तरी काय म्हणतात.

सुरुवात त्यांनी बायबलमधल्या निर्गम या पुस्तकापासून केली, इस्राएली लोक मिसरातल्या (इजिप्त) गुलामीतून मोशेच्या मागे बाहेर पडतात ती गोष्ट, आणि ती निवड एकदम बरोबर आहे. आपल्याला समुद्र दुभंगला तेवढंच लक्षात असतं. पण 14 व्या अध्यायात समुद्र दुभंगायच्या आधी काय होतं ते वाचा. मागे फारोचे (मिसरच्या राजाचे) रथ, पुढे पाणी आणि लोक मोशेला टोमणा मारतात की मिसरात कबरींची टंचाई होती म्हणून आम्हाला इथे मरायला आणलंस का? आणि पुढे म्हणतात, आम्ही तुला तिथेच सांगत होतो ना की आमच्या वाटेला जाऊ नकोस, आम्हाला मिसऱ्यांची चाकरीच करू दे. म्हणजे ज्या गुलामगिरीत विटा थापून थापून कंबर मोडत होती, मुलगे नदीत फेकले जात होते, तीच बरी. आणि हे एकदाच नाही. गणना या पुस्तकाच्या 11 व्या अध्यायात परत तेच, मान्नाचा (रानात देव रोज देत होता ते अन्न) कंटाळा आलाय आणि यांना आठवतंय काय तर मिसरातले मासे, काकड्या, कांदे, लसूण, आणि वर म्हणतात फुकट खायचो! फुकट?? गुलाम होतात ना बाबांनो. आमच्या ग्रुपमध्ये हे वाचताना सगळे हसले आणि मग ज्या ताई चर्चा घेत होत्या त्यांनी विचारलं, "तुमचे कांदे-लसूण कुठले?" हसणं थांबलं एकदम. एकाने सांगितलं की मला माझी नोकरी आवडत नाही पण तिथे माझ्याकडून कोणी काही अपेक्षाच ठेवत नाही, ते सुख सोडवत नाही. कुणी म्हणालं राग. राग सोडला तर मी कोण उरणार?

हा भाग त्यांनी चांगला लांबवला ते बरं केलं. गणना 13-14 मध्ये देवाने देऊ केलेला देश बघायला 12 हेर जातात, 10 जण घाबरवणारी बातमी आणतात आणि फक्त यहोशवा आणि कालेब म्हणतात की जमेल. गंमत म्हणजे माहिती सगळ्यांची सारखीच आहे, देश चांगला आहे, फळं भरघोस आहेत, माणसं धिप्पाड आहेत, शहरं तटबंदीची आहेत, यावर कुणाचंच दुमत नाही. फरक पडतो तो देव सोबत आहे हे हिशोबात धरायचं की नाही इथे. लोक 10 जणांचं ऐकतात आणि चक्क ठरवतात की दुसरा पुढारी नेमू आणि मिसरला परत जाऊ. पुढची 40 वर्षं रानात. व्हिडिओत सांगणाऱ्याने इथे एक चांगली गोष्ट केली, या लोकांना मूर्ख ठरवलं नाही. तो म्हणाला की गुलामीत उद्या काय होणार हे ठाऊक असतं, स्वातंत्र्यात ते ठाऊक नसतं, आणि माणूस सुखाच्या आधी खात्री मागतो. हे मला पटलं. बदलाची भीती म्हणजे बऱ्याचदा नव्याची भीती नसतेच, ओळखीचं सुटण्याची असते, मग ते ओळखीचं कितीही वाईट का असेना.

यानंतरचं एक सेशन सगळ्यात भारी होतं, योहान 5. बेथेस्दाचं तळं, पाच पडव्या, तिथे पडून राहिलेली आजारी माणसं आणि त्यातला एक 38 वर्षं आजारी. येशू त्याला विचारतो, तुला बरं व्हायची इच्छा आहे का? आता हा काय प्रश्न झाला? पण त्या माणसाचं उत्तर बघा, तो हो म्हणतच नाही. तो म्हणतो मला पाण्यात सोडायला कोणी नाही, मी जाईपर्यंत दुसराच कोणीतरी आधी उतरतो (पाणी हललं की जो पहिला उतरेल तो बरा होतो अशी समजूत होती). वर्कबुकमध्ये प्रश्न एवढाच होता की या माणसाला बरं झाल्यावर काय काय बदलावं लागेल ते लिहा. लिहायला घेतलं तर यादी संपेना. कमवावं लागेल. रोज उठून कुठेतरी जावं लागेल. "मला कोणी मदत करत नाही" हे वाक्य आता वापरता येणार नाही. तळ्याकाठची वर्षानुवर्षांची संगत सुटणार. आणि येशू त्याच्या कारणांवर चर्चा करत बसत नाही, सरळ म्हणतो ऊठ, बाज उचल आणि चालू लाग. बाज पण तिथे ठेवायची नाही म्हणजे, परत येऊन पडायची सोयच नाही. ग्रुपमधल्या एक बाई, ज्या तोपर्यंत कॅमेरा बंद ठेवूनच बसायच्या, त्यांनी माइक चालू केला आणि म्हणाल्या, "मला वाटायचं मी देवाची वाट बघतेय. आता वाटतंय तो माझी बघतोय." आणि परत म्यूट. ताईंनी त्यावर काही भाष्य केलं नाही, पुढच्या प्रश्नाकडे गेल्या, याबद्दल त्यांना पूर्ण मार्क.

आता तक्रारी. मधले दोनेक व्हिडिओ मोटिव्हेशनल सेमिनार झालेत. कम्फर्ट झोन सोडा, झेप घ्या, मागे म्युझिक, पायाखाली ढग, असलं सगळं. त्यात येशूचा शिष्य पेत्र पाण्यावर चालतो तो प्रसंग (मत्तय 14) असा सांगितलाय की जणू हिंमत केली की पाणी सुद्धा रस्ता होतं. अहो पण पेत्र बुडायला लागतो ना, आणि त्याला वाचवतो तो त्याचा आत्मविश्वास नाही, येशूने धरलेला हात. तोच मुद्दा गाळला तर मग ख्रिस्ती कोर्स कशाला करायचा, तो उत्साह दुसरीकडेही मिळतो.

एका स्लाइडवर लिहिलं होतं की बायबलमध्ये "भिऊ नका" हे बरोबर 365 वेळा आलंय, वर्षाच्या प्रत्येक दिवसासाठी एक. हे ऐकायला फार छान वाटतं, चर्चमध्ये पण बऱ्याच वेळा ऐकलंय, पण मोजून बघा, आकडा तेवढा भरत नाही, बराच कमी भरतो. खूप वेळा आलंय हे खरं आहे आणि तेवढं पुरेसं आहे की. शिकवणाऱ्यांनी निदान मोजावं.

पण सगळ्यात खटकलं ते एक वाक्य, भीती वाटते म्हणजे विश्वास कमी पडतोय. हे सरसकट सांगणं मला धोक्याचं वाटतं. घरात मारहाण होत असेल त्या माणसाची भीती ही भीती नाही, अक्कल आहे, आणि त्याने तिथून आधी बाहेर पडायला हवं. प्रेषित पौल सुद्धा दिमिष्कात (दमास्कस) जीवावर बेतलं तेव्हा टोपलीत बसून तटावरून खाली उतरून निसटला, प्रेषितांची कृत्ये 9 मध्ये आहे आणि त्याने स्वतः 2 करिंथ 11 मध्ये लिहिलंय, लपवलेलं नाही. एलीया संदेष्टा ईजबेल राणीच्या धमकीने पळाला. खुद्द येशू गेथशेमाने बागेत व्याकूळ झाला होता. आणि ज्यांना घबराटीचे झटके येतात, झोप उडते, छातीत धडधडतं, त्यांना डॉक्टरकडे पाठवायचं सोडून "अजून विश्वास ठेवा" म्हणणं म्हणजे आधीच वाकलेल्याच्या पाठीवर अजून एक गोणी. हे मी फीडबॅक फॉर्ममध्ये लिहिलं, ताईंनी पुढच्या कॉलला स्वतःहून विषय काढला आणि स्पष्ट सांगितलं की औषधं चालू असतील त्यांनी बंद करायची नाहीत. व्हिडिओ मात्र तोच आहे अजून.

साक्षींचे (लोक स्वतःचा विश्वासाचा अनुभव सांगतात ते) व्हिडिओ पण तसेच, सगळे एका साच्यातले. आधी अंधार, मग एक रात्र, मग प्रकाश, मग सगळं छान. होत असेल कुणाचं असं, नाही म्हणत नाही. पण इतिहासातली माणसं बघितली तर एवढं सरळ नसतं. चौथ्या-पाचव्या शतकातला ख्रिस्ती विचारवंत ऑगस्टीन घ्या. मिलानला वक्तृत्व शिकवायचा, पटलेलं होतं सगळं, तरी बदलायचं म्हटलं की पाय निघेना. त्याने स्वतःच लिहून ठेवलंय की तरुणपणी तो प्रार्थना करायचा, मला शुद्धता दे, पण इतक्यात नको! आणि शेवटी शेवटी जुन्या सवयी त्याचा कपडा ओढून कुजबुजायच्या म्हणे, आम्हाला सोडून चाललास? आता आम्ही तुझ्यासोबत कधीच नसणार? 386 मध्ये एका बागेत शेवटी त्याचं मन वळलं, 387 मध्ये मिलानचा बिशप अंब्रोज याच्या हातून बाप्तिस्मा झाला, पण त्याआधीची वर्षानुवर्षांची ओढाताण त्याने गाळली नाही म्हणून तर तो आजही आपला वाटतो.

"अमेझिंग ग्रेस" हे गीत लिहिणारा इंग्रज खलाशी जॉन न्यूटन तर त्याहून अवघड. 1748 मध्ये वादळात जहाज बुडता बुडता वाचलं, त्याने देवाचा धावा केला, तो दिवस आयुष्यभर पाळला. आणि त्यानंतर? त्यानंतर तो गुलामांची ने-आण करणाऱ्या जहाजांचा कप्तान झाला. 1754 मध्ये समुद्र सोडला तो सुद्धा तब्येतीमुळे. पुढे पाळक झाला आणि गुलामांच्या व्यापाराविरुद्ध उघडपणे लिहिलं ते 1788 मध्ये. म्हणजे स्वतःला मोकळं झालेला समजणाऱ्या माणसाला दुसऱ्यांच्या पायातल्या बेड्या दिसायला 40 वर्षं लागली. अशी एखादी साक्ष कोर्समध्ये असती तर जास्त उपयोग झाला असता असं माझं मत, कारण बदलाची खरी भीती तिथे असते जिथे आपलं पोट त्यावर अवलंबून असतं.

बरं, आता ज्यासाठी हा कोर्स मी लोकांना सुचवते तो भाग, गलतीकरांस पत्र, म्हणजे पौलाने गलतीया प्रांतातल्या मंडळ्यांना लिहिलेलं पत्र. हे सेशन सावकाश घेतलंय आणि इथे म्युझिक पण नाही देवाच्या दयेने. गलतीयातल्या मंडळ्यांमध्ये परराष्ट्रीय (म्हणजे यहुदी नसलेले) लोक विश्वासात आलेले आहेत आणि मागून काही जण येऊन सांगतात की नुसता ख्रिस्त पुरे नाही, सुंता पण करा, मोशेचं नियमशास्त्र पण पाळा. आणि हे लोक तयार होतात! पौल वैतागतो, म्हणतो तुम्ही दिवस, महिने, ऋतू, वर्षं पाळायला लागलात, परत गुलाम व्हायची हौस आहे का? आधी वाटायचं की हे त्या काळातलं भांडण, आपला काय संबंध. पण व्हिडिओत मुद्दा असा मांडलाय की नियमांची यादी माणसाला आवडते कारण यादीत टिकमार्क करता येतो, आज आपण पास झालो हे कळतं. कृपेत टिकमार्क नाही. कृपा म्हणजे निकाल आधीच लागलाय, आणि तो तुझ्या मार्कांवर लागलेला नाही. हे ऐकायला गोड वाटतं पण पचायला कठीण आहे, कारण मग माझ्या त्या सकाळच्या प्रार्थनेचं काय, मी वर्षानुवर्षं न चुकता केलेल्या सेवेचं काय, ते सगळं खात्यात जमा होत नव्हतं का? माझ्या मार्गदर्शक बाईंना मी हे फोनवर विचारलं. त्या म्हणाल्या, "प्रार्थना कर की, कोण नको म्हणतंय. पण हप्ता भरल्यासारखी करू नकोस." त्या आठवड्यात वर्कबुकचा घरचा अभ्यास असा होता की एक धार्मिक गोष्ट, जी फक्त भीतीपोटी करता, ती एक दिवस करू नका आणि काय वाटतं ते लिहा. मी एक सकाळ प्रार्थना न करता चहा घेतला, खिडकीत उभी राहून, आणि खरं सांगते अर्धा तास हात थरथरत होते. काही झालं नाही. दुपारी आपोआप दोन वाक्यं बोलले देवाशी, वेळ न बघता, मागण्या न वाचता. काही जणांना हा अभ्यास अजिबात आवडला नाही, एका काकांनी तर सरळ नकार दिला की मी प्रार्थना चुकवणार नाही, आणि ताई म्हणाल्या नका चुकवू काका, तुम्ही प्रेमापोटी करत असाल तर हा प्रश्न तुमच्यासाठी नाहीच.

याच पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पेत्राची जी गोष्ट आहे ती जोडून वाचायला लावली, ती जोडणी मला फार आवडली. कृत्ये 10 मध्ये पेत्राला यापोत दृष्टान्त होतो, आकाशातून चादरीसारखं काहीतरी उतरतं, त्यात सगळे प्राणी, आणि आज्ञा होते मारून खा. तो म्हणतो छे छे प्रभू, निषिद्ध असलेलं मी कधी खाल्लं नाही. असं तीनदा होतं. मग तो कर्नेल्य या रोमी सैन्यातल्या अधिकाऱ्याच्या घरी जातो, परराष्ट्रीयांच्या उंबऱ्याच्या आत, आयुष्यभराचा नियम मोडून. झाला ना बदल? झाला. आणि तरी पुढे अंत्युखियात हाच पेत्र परराष्ट्रीयांबरोबर जेवत असतो, तेवढ्यात यरुशलेमातल्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडून काही माणसं येतात आणि हा हळूच पंगतीतून मागे सरतो, लोकांच्या भीतीने. त्याचं बघून पौलाचा सोबती बर्णबा पण सरकतो. पौल त्याला सगळ्यांसमोर झापतो. म्हणजे भीती एकदा गेली की गेली असं नाही, ती पाहुण्यांच्या रूपाने परत येते, आणि प्रेषिताला पण येते. ग्रुपमध्ये यावर सगळ्यात जास्त बोललं गेलं, कारण सगळ्यांची भीती शेवटी तिथेच येऊन थांबत होती, लोक काय म्हणतील. घरचे काय म्हणतील, मंडळीतले काय म्हणतील. नव्याने विश्वासात आलेला एक मुलगा होता, तो म्हणाला की देवाची भीती नाही वाटत, आईच्या चेहऱ्याची वाटते. त्याला कोणीही घाईचा सल्ला दिला नाही. निकदेम हा यहुद्यांचा पुढारी पण रात्रीच आला होता येशूकडे (योहान 3), मग सातव्या अध्यायात तो दबकत एक प्रश्न विचारतो, आणि थेट एकोणिसाव्यात येशूच्या दफनाला गंधरस आणि अगरू घेऊन उघडपणे उभा राहतो. येशूने त्याला रात्री आल्याबद्दल परत पाठवलं नव्हतं.

रोमकरांस 8 मधला दत्तकपणाचा (आपण देवाची दत्तक लेकरं) भाग आणि 1 योहान 4:18, पूर्ण प्रीती भीतीला घालवून देते, हे शेवटच्या सेशनला आहे. तिथे योहान कारण देतो की भीतीत शिक्षेचा विचार असतो. दास चुकला तर हाकलला जाईल म्हणून घाबरतो, लेकरू चुकलं तरी घर त्याचंच. माझ्या मते अख्खा कोर्स या एका ओळीवर उभा आहे आणि ती त्यांनी इतक्या उशिरा का ठेवली ते कळत नाही, पहिल्या आठवड्यात हवी होती. भीती वाटायची बंद होते असं काही झालं नाही माझ्याबाबतीत. बदल झाला तो असा की आता भीती वाटत असताना पण एखादी गोष्ट करता येते, कारण ती फसली तर घरातून बाहेर काढणार नाहीत हे कळलंय. आणि हे स्वातंत्र्य म्हणजे वाट्टेल ते करायचा परवाना नाही हे पण गलतीकरांस पत्रातच आहे, 5:13, प्रीतीने एकमेकांची सेवा करा म्हणून. व्हिडिओत हे वचन घाईघाईत उरकलंय, ते नको होतं.

बळजबरी करतात का, बाप्तिस्म्यासाठी मागे लागतात का, हे मला दोन-तीन जणांनी विचारलं म्हणून लिहिते. आमच्या ग्रुपमध्ये नाही. शेवटी प्रार्थना होती, ज्याला नको त्याने कॉल सोडला तरी चालेल असं आधी सांगितलं होतं आणि दोघांनी सोडला, कोणी फोन करून का म्हणून विचारलं नाही. तुम्ही जिथे कराल तिथे हे बघून घ्या. मार्क 10 मधला श्रीमंत माणूस खिन्न होऊन निघून जातो, येशूचं त्याच्यावर प्रेम होतं असं तिथे स्पष्ट लिहिलंय आणि तरी येशू त्याच्या मागे धावत नाही. घाई करणारा, घरच्यांशी संबंध तोडायला सांगणारा, प्रश्न विचारले की गप्प बसवणारा कोणी असेल तर तो कोर्स सोडा, बिनधास्त.

टेक्निकल बाजू ठीकठाक. व्हिडिओचा आवाज मध्येच बारीक होतो, हेडफोन लावा. वर्कबुकची पीडीएफ मोबाइलवर उघडली की जोडाक्षरं फुटतात, प्रिंट काढलेली बरी, तशीही त्यात लिहायचंच असतं. कॉल ठरल्यापेक्षा लांबतो, दर वेळी, पुढचं काही काम लगेच ठेवू नका.

पाचपैकी साडेतीन देईन, त्यातले दीड एकट्या गलतीकर सेशनचे आणि एक ताईंचा. ज्यांना नुसता धीर हवाय त्यांना मधले व्हिडिओच आवडतील कदाचित. ज्यांना विश्वास आहे पण धाकाने दम लागलाय त्यांनी जरूर करा. बॅच सुरू व्हायच्या आधी गलतीकरांस पत्र एकदा सलग वाचून काढा, सहाच अध्याय आहेत, एका बैठकीत होतात, आणि पौल कुठे कुठे चिडलाय तिथे पेन्सिलने खूण करून ठेवा, चर्चेत कामाला येतं.